‘प्रोपेन्सिटी’ : कल कीं खोड ?

इंग्रजी भाषेंतील कांहीं शब्द आमच्या घरांत पाहुण्यासारखे येतात आणि घरांतील प्रत्येक माणूस आपापल्या समजुतीप्रमाणें त्यांचा पाहुणचार करतो. ‘प्रोपेन्सिटी’ हा त्यांपैकींच एक होय. समजा, इंग्रजी माध्यमाच्या शाळेंतून नातवाचें प्रगतिपुस्तक घरीं आलें आणि त्यांत वर्गशिक्षिकेनें असा शेरा लिहिला आहे कीं, या मुलाच्या ठिकाणीं प्रश्न विचारण्याची ‘प्रोपेन्सिटी’ दिसते. आजोबा म्हणतात, “छान ! मुलगा जिज्ञासु आहे.” वडील तोच कागद पुन्हा वाचून म्हणतात, “छान कसलें ? वर्गांत मध्येंमध्यें बोलतो, हें बाईंनीं सभ्य शब्दांत कळविलें आहे.” काका कपाटांतून शब्दकोश काढतात; त्यांत ‘स्वाभाविक प्रवृत्ति’ एवढाच अर्थ मिळतो. शेवटीं काकू विचारतात, “तें सारें खरें, पण शेरा चांगला कीं वाईट, तेवढें सांगा!”

काकूंचा हा प्रश्न आम्हांस मोलाचा वाटतो. शब्दांचे अर्थ शोधीत बसणें ही रिकाम्या वेळची करमणूक आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु ज्या शब्दानें आपण एखाद्या माणसाचा स्वभाव सांगतों, त्याच शब्दानें आपण त्याच्याविषयीं एक प्रकारचें भविष्यहि वर्तवीत असतों. तो शब्द सैल असला, तर भविष्यहि सैल होतें. आणि तें ज्याच्याविषयीं वर्तविलें त्याला मात्र तें जन्मभर वागवावें लागतें. म्हणून या एका शब्दाचें कुळ, त्याच्या वापराची रीत आणि त्याच्या गैरवापराचा इतिहास आज थोडा विस्तारानें पाहावा, असें आम्हीं योजिलें आहे.

शब्दाचें कुळ

‘प्रोपेन्सिटी’ हा शब्द मूळचा लॅटिन. ‘प्रो’ म्हणजे पुढें आणि ‘पेंडेरे’ म्हणजे लोंबणें. दोन्ही मिळून ‘पुढच्या बाजूस झुकून लोंबणें’ असा अर्थ होतो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा शब्द इंग्रजींत आला. त्याचे भाऊबंद आमच्या चांगल्या परिचयाचे आहेत. भिंतीवरच्या घड्याळाचा ‘पेंड्युलम’, गळ्यांतल्या साखळीचें ‘पेंडंट’, आंतड्यास लोंबणारें ‘अपेंडिक्स’, नोकरदारास अधांतरीं टांगून ठेवणारें ‘सस्पेन्शन’ आणि दुसऱ्याच्या आधारावर लटकून राहणारा ‘डिपेंडंट’, हीं सारीं एकाच घराण्यांतलीं मंडळी. ‘पेन्शन’ व ‘एक्स्पेन्स’ हे शब्दहि जवळच्याच नात्यांतले. कारण पूर्वीं पैसा केवळ मोजून नव्हे, तर धातूच्या रूपानें तराजूच्या पारड्यांत टाकून, तोलून दिला जात असे.

हा तराजू वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पारडें ज्या बाजूला झुकतें ती बाजू म्हणजे ‘प्रोपेन्सिटी’. स्वाभाविक ओढ दाखविणारे इंग्रजींतील दुसरे शब्द पाहिले, तर तेहि असेच कुठें ना कुठें झुकलेले आढळतात. ‘इन्क्लिनेशन’ म्हणजे कलणें. ‘प्रोक्लिव्हिटी’ या शब्दांत टेकडीचा उतार दडलेला आहे. ‘प्रोन’ म्हणजे पुढें वांकलेला, पालथा. ‘बेंट’ म्हणजे वांक. ‘बायस’ म्हणजे तिरपेपणा. इंग्लंडांत हिरवळीवर खेळतात त्या चेंडूंच्या खेळांत चेंडू एका बाजूनें मुद्दाम असा घडविलेला असतो, कीं तो सरळ न जातां वळण घेतो. त्या वळणालाहि ‘बायस’ असेंच म्हणतात.

आतां आपल्याकडे वळूं. लॅटिनचा ‘प्रो’ आणि संस्कृतचा ‘प्र’ हे एकाच मुळाचे दोन फांटे आहेत, असें भाषाशास्त्र सांगतें. ‘प्रवृत्ति’ म्हणजे पुढें वळणें, पुढें चालूं लागणें. आणि ‘प्रवण’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ तर उघडउघड ‘उतरता’ असाच आहे. वर्तमानपत्रांत ‘अवर्षणप्रवण तालुका’ किंवा ‘अपघातप्रवण वळण’ असें आपण नेहमीं वाचतों, तेव्हां रोमच्या टेकडीचा उतार आणि आपल्या प्रवणाचा उतार एकमेकांशेजारीं येऊन बसलेले असतात. मराठीनें तर याहून साधा शब्द ठेवला आहे : कल. भिंत कलते, दिवस कलतो, पारडें कलतें आणि मनहि कलतें. निवडणुकीच्या मतमोजणीच्या दिवशीं सकाळपासून घरोघर ‘कल’ ऐकूं येतात. आणि त्याच वेळीं एखादा अनुभवी गृहस्थ बजावतो कीं, बाबांनो, कल म्हणजे निकाल नव्हे!

आमच्या मतें या विषयांतील अर्धें शहाणपण त्या गृहस्थाच्या वाक्यांत आलें. इतक्या निरनिराळ्या भाषांनीं मनुष्याच्या स्वाभाविक ओढीला नांव देतांना उताराचें रूपक निवडलें. कोणीहि भिंतीचें किंवा बेडीचें निवडलें नाहीं. उतारावर पाणी आपण होऊन एका दिशेला जातें, हें खरें. परंतु त्याला बांध घालतां येतो, पाट काढून तें शेताला देतां येतें, आणि कष्ट घेतले तर तें वरहि चढवितां येतें. उतार दिशा सांगतो. मुक्काम सांगत नाहीं.

वापराची रीत

इंग्रजी वाक्यांत या शब्दाच्या मागून ‘टु’ येऊन क्रियापद येतें, किंवा ‘फॉर’ येऊन नाम येतें. ‘प्रोपेन्सिटी टु एक्झॅजरेट’ म्हणजे तिखटमीठ लावून सांगण्याकडे कल. ‘प्रोपेन्सिटी फॉर व्हायोलन्स’ म्हणजे मारहाणीकडे कल. दोन्ही रचना शुद्ध आहेत. मुख्य प्रश्न आहे तो शब्दाच्या रंगाचा. कोशांत पाहिलें, तर हा शब्द चांगलाहि नाहीं आणि वाईटहि नाहीं. पण माणसाची पारख त्याच्या सोबतीवरून करावी, तशी शब्दाचीहि करावी लागते. आणि या शब्दाची सोबत बहुधा बरी नसते. खोटें बोलणें, उशिरा येणें, उधळपट्टी करणें, लोकांच्या कुचाळ्या करणें, भांडण उकरून काढणें, अशा गोष्टींबरोबर तो अधिक हिंडतो. प्रामाणिकपणाची ‘प्रोपेन्सिटी’ असें सहसा कोणी म्हणत नाहीं. म्हटलेंच, तर त्यांत थोडी थट्टा असते. तेव्हां काकूंना उत्तर द्यावयाचें तें असें : शब्द तटस्थ आहे, पण त्याचा स्वतःचाच कल किंचित् निंदेकडे आहे. आजोबांचा अर्थ चुकीचा नव्हे. वडिलांचा अर्थ अधिक संभवनीय आहे. आणि खरें काय तें शिक्षिकेस भेटल्यानेंच समजेल.

आणखी एक घोटाळा टाळावयास हवा. ‘प्रोपेन्सिटी’ आणि ‘ॲप्टिट्यूड’ हे दोन शब्द पुष्कळदां एकाच अर्थानें वापरले जातात. पण त्यांत मोठें अंतर आहे. ‘ॲप्टिट्यूड’ हा शब्द ‘जुळलेला, योग्य’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला. एखादें काम लवकर उमगण्याची आणि साधण्याची जी शक्ति, तिला आपण मराठींत ‘गति’ म्हणतों : “त्याला गणितांत गति आहे.” कल म्हणजे मन कोठें जातें तें, गति म्हणजे हात कोठें चालतो तें. दोन्ही एका ठिकाणीं असलीं, तर भाग्य. पण तीं वेगळ्या ठिकाणीं असणें हें मुळींच दुर्मिळ नाहीं. गाण्याकडे ओढा आहे पण गळा नाहीं, किंवा हिशेबांत हात चालतो पण मन रमत नाहीं, अशीं माणसें प्रत्येक घरांत असतात. ‘हॅबिट’ म्हणजे संवय. ती मागाहून लागते. ‘लाइकिंग’ म्हणजे आवड. ती आज असते, उद्यां नसते. ‘प्रोपेन्सिटी’ संवयीहून खोल आणि आवडीहून टिकाऊ असते.

मग मराठींत तिला काय म्हणावें ? एकच प्रतिशब्द सर्वत्र चालविण्याचा हट्ट आम्हांस पसंत नाहीं. लेखकास बरें बोलावयाचें असेल, तर ‘ओढा’ किंवा ‘कल’. तटस्थपणें सांगावयाचें असेल, तर ‘प्रवृत्ति’. दोष दाखवावयाचा असेल, तर ‘खोड’. आणि ती माणसाच्या साऱ्या घडणीशीं एकजीव झालेली असेल, तर ‘पिंड’. “तिचा पिंडच शिक्षिकेचा” या वाक्यांत जें वजन आहे, तें ‘स्वाभाविक प्रवृत्ति’ असें सामासिक भाषेंत लिहून येणार नाहीं. मात्र या निवडींतच आमची परीक्षा असते. एकच गोष्ट आपल्या मुलानें केली तर तो त्याचा ‘कल’, पुतण्यानें केली तर ‘चाळा’ आणि शेजाऱ्याच्या मुलानें केली तर ‘खोड’, असा न्याय पुष्कळ सुशिक्षित घरांत चालतो. शब्दकोशाला याचा दोष देतां येणार नाहीं.

बाजारांत

या शब्दाला विद्वानांच्या सभेंत मानाचें पान मिळालें तें अर्थशास्त्रामुळें. ॲडम स्मिथ यानें १७७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथांत श्रमविभागाचें मूळ मनुष्याच्या एका ‘प्रोपेन्सिटी’मध्यें शोधलें : एक वस्तु देऊन दुसरी घेण्याकडे असलेला माणसाचा कल. पुढें १९३६ सालीं जॉन मेनर्ड केन्स यानें आपल्या ‘जनरल थिअरी’ या ग्रंथांत हाच शब्द खर्चाला लाविला. आमचे महाविद्यालयीन विद्यार्थी ‘सीमान्त उपभोग प्रवृत्ति’ म्हणून जें पाठ करतात, तें हेंच.

त्याचा अर्थ घरगुती उदाहरणानें सहज समजतो. घरांतील मिळकत १,००० रुपयांनीं वाढली आणि त्यांतले ८०० रुपये खर्च झाले, तर ही प्रवृत्ति ०.८ भरली. ते ८०० रुपये वाणी, शिंपी, रिक्षावाला यांच्या घरीं मिळकत म्हणून जातात, तेहि त्यांतला तेवढाच हिस्सा, म्हणजे ६४० रुपये, खर्च करतात, पुढें ५१२, आणि असें होत होत मूळच्या १,००० रुपयांच्या खर्चानें सर्व समाजाच्या मिळकतींत शेवटीं ५,००० रुपयांची भर पडूं शकते. काटकसर हा एका घराचा गुण असला, तरी साऱ्या देशानें मंदीच्या काळांत एकदम हात आखडला तर सर्वांचेंच नुकसान कां होतें, हें या हिशेबानें उलगडतें.

येथें आमच्या विषयाशीं संबंध आहे तो एवढाच कीं, केन्सची ‘प्रोपेन्सिटी’ ही पुष्कळ माणसांच्या एकूण वागणुकीची सरासरी आहे. ०.८ हा आंकडा पाहून तुमच्या शेजाऱ्यानें गेल्या महिन्यांत किती खर्च केला, हें कोणी सांगूं म्हणेल तर तें हास्यास्पद होईल. समूहाचा कल एका माणसाचा निकाल होऊं शकत नाहीं. अर्थशास्त्र्याला हें पहिल्याच वर्षीं शिकवितात. इतरांनीं मात्र याचा विसर पाडून घेतला, आणि त्याचे परिणाम अर्थशास्त्राइतके निरुपद्रवी झाले नाहींत.

कवटीवर आणि कायद्यांत

फ्रान्झ योझेफ गॉल (१७५८–१८२८) नांवाच्या वैद्यानें व्हिएन्ना येथें असें मत मांडलें कीं, मनाची प्रत्येक शक्ति मेंदूच्या एकेका भागांत राहते, आणि तो भाग मोठा असला म्हणजे वरच्या कवटीला तेथें उंचवटा येतो. त्याचा सहकारी स्पुर्टसहाइम यानें या मताची मांडणी इंग्लंडांत पसरविली. तींत ‘प्रोपेन्सिटी’ हा एक स्वतंत्र वर्गच होता : भांडण्याची, नाश करण्याची, सांठविण्याची, लपविण्याची, अपत्यांवर माया करण्याची. डोकें चांचपावें आणि स्वभाव सांगावा, असा तो काळ होता. १८३० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानांतून ठगांच्या कवट्या एडिंबरो येथील कवटीशास्त्र्यांकडे परीक्षेसाठीं गेल्या, हें येथें नमूद करण्याजोगें आहे. पुढें शरीरशास्त्राच्या कसोटीवर हें सारें शास्त्र खोटें ठरलें. पण त्यानें एक घातुक कल्पना मागें ठेवली. उताराचें हाड झालें. कल म्हणून जें होतें, तें जन्मखूण म्हणून पाहिलें जाऊं लागलें.

या वृत्तीनें आमच्या देशांत जें केलें, तें सुशिक्षित घरांतून पुरेसें बोललें जात नाहीं, म्हणून तें थोडें सविस्तर सांगतों. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ हा कायदा केला. एखादी टोळी, जमात किंवा वर्ग वारंवार गंभीर गुन्हे करण्यास चटावलेला आहे, असें सरकारास वाटलें, म्हणजे ती सबंध जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर करतां येत असे. प्रथम उत्तर हिंदुस्थानांत लागू असलेला हा कायदा १९११ सालच्या नव्या रूपानें मुंबई इलाख्यांतहि वापरतां येऊं लागला. जाहीर झालेल्या जमातीच्या लोकांचीं नांवें नोंदली जात, त्यांना ठराविक वेळीं हजेरी द्यावी लागे आणि परवान्यावांचून ठिकाण सोडतां येत नसे. कित्येकांना तारेच्या कुंपणांतील वसाहतींत ठेवलें गेलें. सोलापुरास ‘सेटलमेंट’ हें नांव अजून ऐकूं येतें तें त्याचेंच. चोरी कोणी केली, हा प्रश्न नव्हता. जन्म कोठें झाला, हा प्रश्न होता. पाळण्यांतल्या मुलाचीहि ‘प्रोपेन्सिटी’ सरकारी कागदावर आधींच ठरलेली असे.

यांतील विसंगति पाहण्यासारखी आहे. या कायद्यानंतर अवघ्या एका वर्षानें, १८७२ सालीं, त्याच सरकारनें पुराव्याचा कायदा केला. दोन्ही कायदे सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे कायदेमंत्री असतांना झाले. पुराव्याच्या कायद्यांत असें तत्त्व आहे कीं, आरोपी वाईट चालीचा आहे एवढ्यावरून त्यानें प्रस्तुत गुन्हा केला असें सिद्ध करूं पाहणें, कांहीं अपवाद सोडल्यास, ग्राह्य नाहीं. आरोपीनें स्वतः आपल्या चांगल्या चालीचा पुरावा पुढें केला, तरच त्याला उत्तर म्हणून तें दाखवितां येतें. कारण उघड आहे. ‘हा असाच आहे’ एवढें एकदां मनांत भरलें, म्हणजे न्यायाधीशाचेंहि लक्ष खऱ्या पुराव्यावरून उडतें. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागीं ‘भारतीय साक्ष्य अधिनियम’ आला, तरी हें तत्त्व कायम आहे. म्हणजे न्यायालयांत उभ्या असलेल्या एका माणसाच्या बाबतींत जी सावधगिरी कायद्यानें आवश्यक मानली, ती लक्षावधि माणसांच्या जमातींच्या बाबतींत त्याच कायदेमंडळानें वाऱ्यावर सोडली !

स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं, हा कायदा देशभर रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या जाऊं लागल्या. महाराष्ट्रांत कैकाडी, कंजारभाट, पारधी, रामोशी इत्यादि समाज त्यांत येतात. पण कागदावरचा शिक्का पुसला, तरी मनावरचा राहतो. लक्ष्मण माने यांचें ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ (१९८७) हीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलीं आत्मकथनें ज्यांनीं वाचलीं असतील, त्यांस हें निराळें सांगावयास नको. आणि ही जुनी गोष्ट आहे असेंहि कोणी समजूं नये. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तुरुंगांच्या नियमपुस्तकांतील जातिभेदाविषयीं जो निकाल दिला, त्यांत अशा नियमांची तपासणी झाली. एका राज्याच्या नियमांत असें होतें कीं, ज्या वर्गांच्या ठिकाणीं पळून जाण्याची प्रबळ स्वाभाविक प्रवृत्ति आहे, उदाहरणार्थ भटक्या जमाती, त्यांतील कैद्यांस देखरेखीचें काम देऊं नये. न्यायालयानें जातिभेदाचे असे नियम घटनाबाह्य ठरविले. पाऊणशें वर्षांच्या स्वातंत्र्यानंतरहि ‘स्वाभाविक प्रवृत्ति’ हे दोन शब्द नियमाच्या पुस्तकांत तसेच बसून होते. शब्दांचा अर्थ शोधीत बसणें ही रिकाम्या वेळची करमणूक नव्हे, असें आम्हीं आरंभीं म्हटलें, तें यासाठीं.

आपल्या घरांत

आमच्या परंपरेनें या प्रश्नाचा विचार केलाच नाहीं, असें नाहीं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत एका श्लोकांत सांगितलें आहे कीं, ज्ञानी मनुष्यहि आपल्या प्रकृतीप्रमाणें वागतो, तेथें निग्रह काय करणार ? आणि लगेच पुढच्या श्लोकांत सांगितलें आहे कीं, इंद्रियांच्या विषयांत राग आणि द्वेष ठेवलेलेच आहेत, पण त्यांच्या आहारीं जाऊं नये. पहिल्या श्लोकांत उतार आहे. दुसऱ्यांत बांध आहे. पण घरोघर पहिल्याचीच आठवण अधिक निघते. आमच्या म्हणीहि पाहा : जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाहीं, मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, कुत्र्याचें शेपूट नळींत घातलें तरी वांकडें तें वांकडेंच. म्हणींत चतुराई खूप असते. पण त्या घडलेल्या गोष्टीनंतर आठवतात, हें विसरूं नये. ज्यांची खोड गेली, त्यांच्यावर कोणी म्हण केली नाहीं.

नियम आणि कल यांतला फरक एका उदाहरणानें सांगतों. आणि तें उदाहरण ज्यांनीं दिलें, त्यांचें चरित्रच या विषयावरचें उत्तम भाष्य आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीस शाळेंत शिक्षक होते. फर्ग्युसन कॉलेजांत असतांना १९२७ सालीं त्यांना गणिताचें रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालें होतें. पुढें पदव्युत्तर शिक्षण झालें नाहीं. अंकांशीं खेळणें हा त्यांचा कल असा विलक्षण होता, कीं शाळेचें काम संभाळून तो त्यांनीं जन्मभर जोपासला. त्यांचा सुप्रसिद्ध शोध असा : कोणतीहि चार अंकी संख्या घ्या, मात्र चारी अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमानें मांडून मोठी संख्या करा, चढत्या क्रमानें मांडून लहान करा, आणि वजाबाकी करा. ३५२४ घेतली तर ५४३२ मधून २३४५ गेले, ३०८७ राहिले. मग ८७३० मधून ०३७८ गेले, ८३५२ राहिले. मग ८५३२ मधून २३५८ गेले, ६१७४ राहिले. पुढें कितीहि वेळां करा, ६१७४ च येईल. कोणतीहि संख्या घेतली, तरी फार तर सात पायऱ्यांत ती येथें पोंचते.

हा झाला नियम. येथें ‘प्रोपेन्सिटी’ हा शब्द लावणें चूक होईल. कारण संख्येला दुसरी वाट नाहीं. पण ज्या कापरेकरांनीं हा नियम शोधला, त्यांच्या आयुष्याला असा नियम नव्हता. त्यांच्या कलाला गंभीर गणित म्हणावें कीं नाद म्हणावें, याविषयीं देशांतील पुष्कळ गणितज्ञ साशंकच होते. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं अमेरिकेंतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां त्यांचें नांव जगभर झालें. त्या वेळीं ते सत्तरीच्या घरांत होते. ज्याला एकानें खोड म्हटलें असतें, त्यालाच दुसऱ्यानें प्रतिभा म्हटलें. कल तोच होता. पाहणाऱ्याचा शब्द बदलला.

मुलांच्या बाबतींत हा प्रश्न दरवर्षीं उन्हाळ्यांत घरोघर उभा राहतो. २०१६ सालीं महाराष्ट्रांत दहावीच्या विद्यार्थ्यांसाठीं ‘कल-चाचणी’ सुरू करण्यांत आली, तेव्हां हा शब्द पालकांच्या तोंडीं चांगलाच रुळला. अशी चांचणी म्हणजे एक होकायंत्र होय. तें दिशा दाखवितें. चालावें कीं नाहीं, आणि वाटेंत नदी आहे कीं डोंगर, हें तें सांगत नाहीं. चांचणीचा कागद हातीं येतांच ‘याचा कल कलेकडे’ म्हणून कपाळाला हात लावणारे पालक आणि तोच कागद दाखवून अभ्यासाला रामराम ठोकणारा मुलगा, दोघेहि कलाला निकाल समजतात. पंधराव्या वर्षींचा कल पंचविसाव्या वर्षीं तसाच राहील, असें समजण्यासहि कांहीं आधार नाहीं.

मुलींच्या बाबतींत तर याहून अधिक सावध राहावयास पाहिजे. ‘मुलींचा मूळचा कलच घरकामाकडे’ असें कित्येक वडीलधारीं माणसें निर्मळ मनानें म्हणतात. पण ज्या घरांत चौथ्या वर्षापासून भावाच्या हातीं चेंडू आणि बहिणीच्या हातीं केरसुणी दिली जाते, त्या घरांत हा उतार निसर्गाचा कीं घरच्यांनीं खणलेला, हें कोण सांगणार ? पाट आपण खणावा, आणि पाणी त्यांतून गेलें म्हणजे ‘पाण्याचा स्वभावच तसा’ म्हणावें, हा प्रामाणिक तर्क नव्हे. एकत्र कुटुंबांत ही चूक अधिक सहज होते. कारण तेथें प्रत्येक मुलाला कोणाची तरी गादी आयतीच मिळते. एक आजोबांसारखा तापट, दुसरी आत्यासारखी हट्टी, तिसरा मामासारखा उधळ्या. मुलें हें ऐकत असतात. आपल्याविषयींचें वाक्य रोज कानीं पडलें, म्हणजे तें खरें करून दाखविणें मुलास सोपें वाटूं लागतें.

म्हणून वाचकांस आमची सूचना एवढीच कीं, हा शब्द, इंग्रजींत असो वा मराठींत, उच्चारण्यापूर्वीं मनाशीं तीन प्रश्न विचारावेत. पहिला : हें मी या माणसाच्या वागणुकींत पुष्कळ दिवस पाहिलें आहे, कीं त्याच्या आईबापांवरून, गांवावरून किंवा जातीवरून ठरविलें आहे ? दुसरा : हा उतार त्याचा स्वतःचा आहे, कीं आम्हीं खणलेला आहे ? तिसरा : हें पाणी कोणत्या शेताला देतां येईल ? सारखे प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवितां येतें, आणि प्रश्न लिहून ठेवावयाची वहीहि देतां येते. वस्तु उलगडून मोडणाऱ्या मुलीला मार देतां येतो, आणि एक जुनें बंद घड्याळहि देतां येतें. कल दोन्हीकडे तोच राहतो. आयुष्य मात्र एक राहत नाहीं.

राहतां राहिला भाषेचा प्रश्न. ‘तो असा आहे’ आणि ‘त्याचा कल असा आहे’ या दोन वाक्यांत शब्द थोडेच बदलतात. पण पहिल्या वाक्यांत दार लागलेलें असतें आणि दुसऱ्यांत तें उघडें राहतें. इंग्रजीच्या या पाहुण्यानें आमच्या घरांत येऊन एवढा भेद आम्हांस शिकविला, तर त्याचा पाहुणचार सार्थकीं लागला, असें आम्ही समजूं.